साडूची गाडी ६८ देते, माझी ४६च का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुलुंड पश्चिमेला राहणारे एक वाचक, वय चाळिशीच्या आसपास, अंधेरीला सीप्झजवळ एका कंपनीत कामाला. २०२१ ची शंभर सीसीची बाईक आहे, एफआय वाली (म्हणजे फ्युएल इंजेक्शनची), आत्तापर्यंत साधारण ३० हजार किमी झालेत. सकाळी आधी मुलीला शाळेत सोडतात, परत घरी, मग एलबीएस मार्गाने गांधीनगर आणि तिथून जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पकडून ऑफिस. जाऊन येऊन २८ किमी. गाडी ४६ चं मायलेज देते. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेच वर्ष, अशी गाडी कऱ्हाडला त्यांच्या साडूंकडे आहे, ती म्हणे ६८ देते. वाचक लिहितात, "मी कधी तीसच्या वर पळवत नाही, टॉप गिअरमध्ये शांत चालवतो, रोज सकाळी पाच मिनिटं गरम करतो, पेट्रोल सकाळी सहाला गार असताना भरतो, ते पण ११० नाहीतर २१० चं, राऊंड फिगर कधीच नाही. तरी ४६. मेकॅनिक म्हणतो ईसीएम (गाडीचा कॉम्प्युटर) सेटिंग आणि मायलेज किट टाकू, अडीच हजार होतील. शोरूमवाला म्हणतो ही द्या ४० हजारात आणि सीएनजी बाईक घ्या, वर ७५ हजार भरा. बायको म्हणते विकून टाका आणि ट्रेनने जा, जुलैमध्ये पवईला घसरलो होतो तेव्हापासून जास्तच म्हणते. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात त्याचा पण परिणाम असेल. नक्की काय करू?"

आता माझं म्हणणं.

पहिली गोष्ट, ४६ हा आकडा तुम्ही काढलात कसा? पत्रात शेवटी एका ओळीत लिहिलंय की ३०० चं पेट्रोल टाकलं आणि काटा परत लाल पट्टीत येईपर्यंत किती किमी झाले ते बघितलं. म्हणजे सगळा हिशेब काट्यावर. शंभर सीसीच्या गाडीची टाकी नऊ-दहा लिटरची, त्यात तो काटा फ्लोटवर चालतो, चढावर एक दाखवतो, उतारावर एक दाखवतो, साइड स्टँडवर तर काय वाटेल ते दाखवतो. १०४ चा भाव धरला तर ३०० रुपयांत २.८८ लिटर आलं, तुम्ही चाललात १३३ किमी. काट्याने अर्ध्या लिटरची गडबड केली असेल, आणि एवढी तो अगदी सहज करतो, तर तुमचं खरं मायलेज ३९ पण असू शकतं आणि ५५ पण असू शकतं. म्हणजे ज्या आकड्यामुळे तुमची झोप उडालीय तो आकडाच अजून पक्का नाहीये. आणि साडूंनी तरी कसं मोजलंय ते विचारलंत का? गावाकडे मायलेज हे लग्न जमवताना सांगितलेल्या पगारासारखं असतं, थोडं वर धरूनच सांगतात, कोणी पावती मागत नाही.

मोजायची पद्धत एकच, टाकी टू टाकी. पंपावर गाडी मेन स्टँडवर घ्या, साइड स्टँडवर नको. झाकण उघडलं की टाकीच्या तोंडात आत एक धातूची कडा दिसते, तिच्या खालपर्यंत पेट्रोल आलं की पोराला सांगा बस, झाकणापर्यंत ठेचून भरायचं नाही, तिथे जागा मुद्दाम सोडलेली असते. मीटरचं रीडिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मग नेहमीसारखी गाडी चालवा, निदान अर्ध्याहून जास्त टाकी संपू द्या, आणि परत त्याच पंपावर, जमलं तर त्याच मशीनवर, त्याच कडेपर्यंत भरा. आता बिलावर जे लिटर आलं तेवढंच तुम्ही जाळलंत. समजा २८० किमी झाले आणि ५.६ लिटर बसलं, तर मायलेज ५०. असं सलग दोन-तीन टाक्या करा आणि सगळे किमी भागिले सगळे लिटर करा, एकेका टाकीचा आकडा इकडेतिकडे होतोच. याला खर्च शून्य आहे. हे केल्याशिवाय मेकॅनिकला, शोरूमला, कोणालाच एक रुपया द्यायचा नाही.

पंपावर मापात मारतात असा संशय असेल तर तोही तिथेच मिटवता येतो. प्रत्येक पंपावर ५ लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप असतं, ग्राहकाने मागितलं की त्यात मोजून दाखवावं लागतं, ५ लिटरमागे २५ मिली इकडेतिकडे चालतं, त्याहून कमी आलं तर वजनमापे विभागाकडे तक्रार करायची. पण २१० चं भरल्याने फसवणूक टळते यात काही दम नाही, मशीनला २०० आणि २१० सारखेच. आणि सकाळी सहाचं गार पेट्रोल... पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत असतं हो, मुंबईत सकाळ दुपारमध्ये तिथे फारसा फरक पडतच नाही, आणि पडला तरी एका डिग्रीला ०.१ टक्क्याच्या आसपास. त्यासाठी सहाला उठत असाल तर झोपा.

आता समजा नीट मोजून पण ४६-४८ च आलं. तर ते वाईट आहे का? तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे की मायलेज ही गाडीची वस्तू आहे, म्हणजे कंपनीने टाकीत घालून दिलेली, आणि तुम्हाला कोणीतरी कमी दिलीय. तसं नसतं. कंपनी जो आकडा सांगते तो पुण्याच्या एआरएआय सारख्या संस्थेत रोलरवर गाडी चालवून काढलेला असतो, चाक रोलरवर फिरतं, वेग कधी वाढवायचा कधी कमी करायचा हे सेकंदागणिक ठरलेलं, समोरून वारा नाही, मागे कोणी बसलेलं नाही, भांडुपचा सिग्नल नाही, मधेच घुसणारी रिक्षा नाही. दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा चांगला, पण तुमच्या रस्त्यावर तो मिळेल असं कोणी लिहून दिलेलं नसतं. कऱ्हाडचे साडू हायवेवर टॉप गिअरला ४५-५० ने एका लयीत निघतात, वीस मिनिटांत ब्रेकला दोनदा हात लागत असेल. तुमच्या वाटेवर एलबीएसवर मेट्रो ४ चं काम, जेव्हीएलआरवर मेट्रो ६ चं काम, दोन्हीकडे किती वर्षं बॅरिकेड बघतोय आपण. गाडी तीच असली तरी काम तेच नाहीये.

आणि इथे तुमच्या "मी तीसच्या वर जातच नाही" या वाक्याशी माझं जरा भांडण आहे. हळू चालवणं आणि कमी पेट्रोल जाळणं हे एकच आहे असं आपल्याकडे घरोघरी मानतात. खरं असं की शंभर सीसीची गाडी साधारण ४० ते ५० च्या मध्ये, टॉप गिअरला, एकसारख्या वेगाने सगळ्यात कमी पिते. त्याच्या वर गेलं की हवेचा रेटा झपाट्याने वाढतो, वेग दुप्पट तर रेटा चौपट, म्हणून ७० ने पळवणाऱ्याचं मायलेज पडतं. पण त्याच्या खाली, थांब-चाल थांब-चाल मध्ये वेगळंच नुकसान होतं. गाडी, तुम्ही, डबा, बॅग, मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन शून्यातून तीसवर न्यायला पेट्रोल जळतं आणि पुढच्या पन्नास फुटांवर ब्रेक दाबला की ते सगळं ब्रेक शूमध्ये गरम होऊन संपतं. परत शून्यातून सुरू. गांधीनगरच्या सिग्नलला तुम्ही एका हिरव्यात सुटता का? नसाल तर तिथेच रोज चार-पाच वेळा हे होत असणार.

त्यात टॉप गिअरचा हट्ट. २० च्या वेगाला चौथा गिअर म्हणजे इंजिन घुर्र घुर्र करतं, टाकी थरथरते, तुम्ही थ्रॉटल पिळता आणि गाडी उचलत नाही, मग अजून पिळता. ती थरथर जाणवली की गिअर एक खाली पाडायचा, लाज वाटायचं कारण नाही. उलट पण खरं, दुसऱ्यातच गाडी रडवत नेणारे खूप असतात. इंजिन ना रडतंय ना थरथरतंय असा जो आवाज असतो तो तुम्हाला पाच वर्षांत नक्की कळला असेल, तो धरून चालवा, स्पीडोमीटरकडे बघायची गरज नाही. आणि क्लच. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून रांगत राहणं ही आपल्या मुंबईकरांची खास सवय, दोन बोटं कायम क्लचवर. अर्धा क्लच म्हणजे इंजिन फिरतंय पण त्यातली बरीच ताकद प्लेटा घासण्यात चाललीय, पेट्रोल पण जातं आणि प्लेटा पण. समोर दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्यात सोडून सरळ जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

सकाळची पाच मिनिटं गरम करायची सवय बहुतेक वडिलांच्या गाडीपासून आलीय, नाही का? कार्ब्युरेटरच्या गाड्यांना चोक ओढून तसं करावं लागायचं. २०२० च्या एप्रिलपासून बीएस सिक्स आलं, तेव्हापासून या गाड्यांत इंजेक्शन आहे, थंड इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते ती स्वतः बघते, आणि जागेवर उभी राहून ती चालत्या गाडीपेक्षा हळूच गरम होते. स्टार्ट करा, हेल्मेटचा पट्टा लावा, निघा, पहिला एक किमी आरामात. रोज पाच मिनिटं म्हणजे महिन्याला दोन तास तुमची गाडी बिल्डिंगखाली उभी राहून पेट्रोल पिते आणि वॉचमनला धूर देते. सिग्नलचं पण तसंच, आकडा उलटा मोजत असेल आणि अर्ध्या मिनिटाहून जास्त दिसत असेल तर बंद करा, एफआय गाडीला परत स्टार्ट करायला काही जास्त लागत नाही. काही मॉडेलमध्ये हे आपोआप होतं, हिरोच्या गाड्यांवर आय३एस असं बटण असतं ते हेच, आणि गंमत म्हणजे बऱ्याच लोकांनी ते बंद करून ठेवलेलं असतं. पण उतारावर मात्र इंजिन बंद करून किंवा न्यूट्रल मारून जाऊ नका. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की पेट्रोल स्वतःच तोडतात, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला थोडं द्यावं लागतं. आणि पवईच्या उतारावर न्यूट्रलला ब्रेक मारायची वेळ आली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

मुलीची शाळा. हे तुम्ही जाता जाता लिहिलंय पण माझ्या मते यात बरंच काही आहे. थंड गाडी, मागे मुलगी आणि तिचं दप्तर, दीड-दोन किमी, शाळेच्या गेटपाशी पालकांच्या गाड्यांची गर्दी, परत घरी, इंजिन बंद, अर्ध्या तासाने परत स्टार्ट. छोट्या छोट्या थंड फेऱ्यांत कुठलंच इंजिन मायलेज देत नाही. शाळेतून परस्पर ऑफिसला निघता येतं का बघा, चहा नाश्ता आधी उरकून. आणि तसं झालं तर तुम्ही आपोआप वीस-पंचवीस मिनिटं लवकर जेव्हीएलआरला लागाल, जे सगळ्यात मोठं औषध आहे. सव्वाआठचा जेव्हीएलआर आणि नऊचा जेव्हीएलआर हे दोन वेगळे रस्ते आहेत हे तिथून जाणारा कोणीही सांगेल. ऑफिसात लवकर पोचून पेपर वाचा. दुसरा एक प्रयोग म्हणजे एक अख्खी टाकी एलबीएस सोडून ईस्टर्न एक्सप्रेसने विक्रोळीपर्यंत जाऊन तिथून जेव्हीएलआर पकडून बघा. पूर्वेला उतरण्यात दोन-तीन किमी वाढतील, मायलेज वाढेल पण अंतरही वाढेल, त्यामुळे तिथे किमी प्रति लिटर बघायचं नाही, महिन्याला किती लिटर लागलं ते बघायचं. सगळ्यांनाच सांगतो, आकडा सुधारला आणि खिसा तिथेच राहिला असं या नादात खूप होतं.

मेकॅनिककडे जायच्या आधी रविवारी सकाळी पार्किंगमध्ये दहा मिनिटं द्या. गाडी थंड असताना मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने जोरात फिरवा. सोडल्यावर ते थोडं स्वतःहून फिरलं पाहिजे. लगेच थांबत असेल आणि खस्स खस्स असा आवाज येत असेल तर ब्रेक चिकटलाय, कोणीतरी रॉडचं नट जास्त आवळून ठेवलंय, म्हणजे तुम्ही रोज थोडा ब्रेक लावूनच सीप्झला जाताय. मग चेन. कव्हरला बघायचं रबरी बूच असतं ते काढा आणि खालच्या बाजूने मधोमध चेन बोटाने वर उचलून बघा, साधारण अडीच-तीन सेंटिमीटर हलली पाहिजे, पण एकाच जागी बघून चालत नाही, चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी बघा, एका ठिकाणी ताठ आणि एका ठिकाणी लोंबती असेल तर चेन सेटच बदलायला आलाय. ३० हजाराला आला असेल तर नवल नाही. कोरडी, लालसर दिसली तर चेन ल्यूब, ग्रीस थापायचं नाही, त्यात मेट्रोच्या कामाची सगळी धूळ बसते. क्लचच्या दांड्याला टोकाशी सेंटिमीटर दीड सेंटिमीटर मोकळा खेळ हवा, तो नसेल तर क्लच न दाबताच थोडा दाबलेला राहतो.

आणि हवा. आठवड्यातून एकदा, गाडी फार न चालवता, पहिल्या पंपावर. किती हवी ते गाडीवरच स्टिकरवर लिहिलेलं असतं, चेन कव्हरवर नाहीतर मागच्या फोर्कवर, एकट्याला वेगळी आणि डबल सीटला वेगळी, मागच्या चाकात हा फरक चांगलाच असतो. पंपावरचा पोरगा "पुढे पंचवीस मागे तीस ना" म्हणत सगळ्या गाड्यांना एकच भरतो, त्याला आकडा तुम्ही सांगा. पंपावर हवा फुकट असते, नायट्रोजनला पैसे घालवू नका. मायलेजमध्ये सगळ्यात स्वस्तात काही सुधारत असेल तर ते हेच, आणि सगळ्यात जास्त लोक हेच करत नाहीत.

मेकॅनिकचं मायलेज किट नको. चुंबक, पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, "ईसीएम सेटिंग", काही नको. तुमच्या गाडीत कार्ब्युरेटरचा स्क्रू नाहीये जो अर्धा आटा पिळला की मायलेज येईल, पेट्रोल आणि हवेचं प्रमाण एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर ठरतं. ते फसवून लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, केलं तर इंजिन तापेल. त्या अडीच हजारात साधी सर्व्हिस करा आणि तीन गोष्टी सांगून करून घ्या. एअर फिल्टर, तो तेलकट कागदाचा असेल तर हवा मारून साफ करायचा नसतो, सरळ बदलायचा. स्पार्क प्लग. आणि ऑइल मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच. बऱ्याच शंभर सीसीच्या गाड्यांना १०डब्ल्यू-३० लागतं, आणि नाक्यावरच्या गॅरेजमध्ये पिंपातलं २०डब्ल्यू-५० ओततात कारण तेच बुलेटला पण तेच रिक्षाला पण. जाड ऑइलने इंजिनाला फिरायला जास्त जोर लागतो. महागडं ९५ ऑक्टेनवालं पेट्रोल पण नको, ते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी, तुमच्या गाडीला त्याने काही वेगळं होत नाही.

इथेनॉलबद्दल तुम्ही म्हणता ते अगदीच चूक नाही. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल, आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच, कोणी काहीही म्हणो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलंय की इथेनॉल नसलेल्या पेट्रोलसाठी बनवून ई१० ला (१० टक्के इथेनॉल) सेट केलेल्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. ५० वर ते होतात दीड-दोन किमी. त्याचा राग यायचा तर या, मला पण येतो, लिटरचे पैसे पूर्णच घेतात ना. पण २२ चा फरक त्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. तुमची गाडी २०२१ ची आहे, तेव्हा सर्व्हिसला पेट्रोलचा रबरी पाइप आणि सील तेवढे बघायला सांगा, कडक झाले असतील किंवा भेगा असतील तर बदला. पावसाळ्यात गावाला जाताना गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवून जाऊ नका, इथेनॉल ओलावा ओढतं.

आता पैशाचं बोलू, कारण खरा निर्णय तिथे आहे. तुमचं महिन्याचं चालणं ८०० किमी धरू. ४६ च्या मायलेजने १७.४ लिटर, म्हणजे १०४ च्या भावाने साधारण १८०० रुपये. साडूंचं ६८ उद्या देवाने तुम्हाला दिलं तरी लागतील सव्वाबाराशे. म्हणजे ज्यासाठी एवढं पत्र लिहिलंत तो फरक महिन्याला पावणेसहाशे रुपयांचा आहे, आणि तोही पूर्ण कधी मिळणार नाही. वर लिहिलेलं सगळं करून तुम्ही ५२ ला आलात, जे माझ्या मते शक्य आहे, तर वाचतील दोनशे. दोनशे म्हणजे काही नाही असं मी म्हणणार नाही, पण दोनशेसाठी ७५ हजार भरायचे का हे स्वतःला विचारा.

सीएनजी बाईक वाईट नाही. बजाजची फ्रीडम १२५ जुलै २०२४ मध्ये आली, २ किलोची सीएनजीची टाकी आणि वर २ लिटर पेट्रोल, कंपनी किलोला १०२ किमी सांगते. शहरात ८५ धरा, किलो ८० रुपये धरा, तर तुमचे ८०० किमी साडेसातशे रुपयांत होतात. महिन्याला हजारभर वाचले. ७५ हजार भागिले हजार, सहा वर्षं. कर्ज काढलंत तर व्याज वेगळं, आणि दोन किलोची टाकी म्हणजे साधारण दर आठवड्याला रिक्षांच्या रांगेत उभं राहणं आलं. हेच गणित डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचं करून बघा, रोज १०० किमी, महिन्याला २६००. त्याचे पेट्रोलचे होतात पावणेसहा-सहा हजार, सीएनजीचे अडीच हजार, दोन वर्षांच्या आत गाडीचा फरक वसूल. त्याने जरूर घ्यावी. रोज ६०-७० किमीच्या वर ज्याचं चालणं आहे त्याने नवीन गाडीचा विचार करावा, तुमच्यासारख्या २८-३० वाल्याने आहे ती गाडी नीट ठेवावी, असा माझा साधा हिशेब. इलेक्ट्रिक स्कूटर चालवायला याहून स्वस्त, १०० किमीला साडेतीन-चार युनिट, पण सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट देते का हे आधी लेखी घ्या, मग शोरूमची पायरी चढा. तोंडी "बघू" म्हणणारे सेक्रेटरी नंतर काय करतात ते मुंबईत राहणाऱ्याला माहीत आहे.

राहिली ट्रेन. तुमच्या मिसेसचं म्हणणं तुम्ही मायलेजच्या यादीत टाकलंय, शोरूमवाल्याच्या खाली. पण त्यांनी हे म्हणायला सुरुवात केली जुलैमध्ये, तुम्ही पडलात तेव्हा. त्यांना विचारलंत का की आक्षेप पेट्रोलच्या बिलाला आहे की पावसात रात्री जेव्हीएलआरवरून येण्याला? मला पत्र वाचून वाटलं की तुम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर वाद घालताय, तुम्ही त्यांना मायलेज समजावताय आणि त्या तुम्हाला दुसरंच काहीतरी सांगतायत. आणि ट्रेनचा रस्ता आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मुलुंडहून घाटकोपर लोकल, घाटकोपरहून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथे बदलून मेट्रो ३ ने सीप्झ, ऑक्टोबर २०२४ पासून तो टप्पा चालू आहे. पैशाने फार वाचत नाही, तुमचं रोजचं पेट्रोल साधारण ६३ रुपयांचं आहे आणि लोकलचा पास, दोन मेट्रोची तिकिटं मिळून जवळपास तेवढेच होतील, सकाळी घाटकोपरच्या जिन्यावरची गर्दी आहेच. तेव्हा पैशासाठी गाडी सोडू नका. पण जून ते सप्टेंबर ट्रेन मेट्रो आणि बाकी आठ महिने गाडी, असं का नाही करत? गाडी विकायची गरज नाही, मुलीच्या शाळेला ती लागतेच. एक महिना करून बघा, जमलं नाही तर नाही. निदान ज्या दिवशी धो धो असेल त्या दिवशी तरी.

घसरण्यावरून आठवलं, मागचा टायर २०२१ चाच आहे का? टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, २३२१ लिहिलं असेल तर २०२१ चा तेविसावा आठवडा. ३० हजार चालून खाचा सपाट झाल्या असतील तर आधी तो बदला, तोही गाडीबरोबर आला होता त्याच साइजचा. दुकानदार म्हणेल एक नंबर जाड घाला, गाडी भारी दिसते, ग्रिप मिळते. घालू नका, जड टायर ओढायला पेट्रोल तुम्हालाच लागणार आहे, आणि घेर बदलला तर मीटरचे किमी पण चुकीचे पडतात, मग टाकी टू टाकीचा सगळा हिशेब परत पहिल्यापासून.